खोटा मोटार क्लेम, एक सही आणि कोर्टाचा अवमान – इंग्लंडमधलं आणि आपल्याकडचं

सोलापूरकर_स्लाऊ

परवा इथल्या गणपतीच्या मीटिंगला एक नवीन मुलगा आला होता, पुण्याचा, येऊन आठ महिने झालेत. त्याच्या गाडीला कुणीतरी मागून ठोकलं, बंपरला ओरखडा, बाकी काही नाही. तर हा सगळ्यांदेखत विचारतोय, "काका, मान दुखते म्हणून क्लेम टाकला तर किती मिळतात हो?" आणि दोघातिघांनी लगेच आकडे सांगायला सुरुवात पण केली. मी म्हणलं थांब, आधी माझ्या आईची गोष्ट ऐक. तीच इथं लिहून ठेवतो.

२०१४ साल. आई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आलेली. रविवारी साउथॉलहून भाजी घेऊन परत येताना राउंडअबाउटवर थांबलो आणि मागच्या व्हॅनने गाडीला टेकवलं. टेकवलं असंच म्हणतो, कारण आईच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती ती पण खाली पडली नाही. व्हॅनवाला उतरला, सॉरी म्हणाला, इन्शुरन्सचे नंबर घेतले दिले, घरी आलो, जेवलो, झोपलो.

मंगळवारी फोन. नंबर कुठून मिळाला ते आजतागायत कळलेलं नाही. बोलणारा अस्सल हिंदीत, "सर, संडे को आपका ॲक्सिडेंट हुआ था ना, गाड़ी में कितने लोग थे?" मी म्हणलं चौघं, मी, बायको, आई आणि मुलगी. "हर एक का ढाई हज़ार पाउंड मान के चलिए. और कोई था क्या गाड़ी में? याद कीजिए." हे "याद कीजिए" तो अशा सुरात म्हणाला की मला दोन मिनिटं खरंच वाटलं, कुणी होतं की काय. नंतर कळलं की धंद्यात याला नाव आहे, भुताचा प्रवासी! गाडीत नसलेला माणूस क्लेममध्ये बसवतात.

खोटं कशाला बोलू, मी हो म्हणालो. सगळे करतात, कंपनी देते, आपण हप्ता भरतोच की, हेच डोक्यात. आठवड्याभरात फॉर्म आले, सही करायच्या जागी पिवळ्या चिकटपट्ट्या लावलेल्या. मी माझ्यावर सही ठोकली, बायकोनं केली. आईसमोर तिचा ठेवला तर म्हणते, "काय लिहिलंय ते वाच की आधी."

आता इंग्रजीत तो फॉर्म वाचताना मला काहीच वाटलं नव्हतं, ऑफिसात रोज असलेच कागद वाचतो. पण मराठीत सांगायला लागलो तर जीभ अडायला लागली. म्हणलं, "अपघातामुळं तुझी मान आणि खांदा दुखावलाय आणि रात्री झोप लागत नाही असं लिहिलंय." आई म्हणाली, "कुणाला झोप लागत नाही?" म्हणलं तुला. "मी तर दुपारची पण झोपते की रे." पुढं वाचलं, गाडीत बसायची भीती वाटते. "काल तर आपण विंडसरला जाऊन आलो." शेवटी सहीच्या वरची ओळ आली, या फॉर्ममधली माहिती खरी आहे असं मी मानते. आईनं पेन फॉर्मवर आडवं ठेवलं आणि म्हणाली, "उद्या कुणी विचारलं तर कोथिंबीर पण पडली नव्हती असं सांगू का मी?"

तिघांचेही फॉर्म फाडले. तो माणूस पुढं महिनाभर फोन करत होता, एकदा तर आईनंच उचलला, पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

मुद्दा असा की ती शेवटची ओळ आहे ना, सत्यकथनाची, तिच्याखाली सही करून खोटं लिहिलं तर इंग्लंडमध्ये तो कोर्टाचा अवमान होतो आणि लोक त्यात खरोखर तुरुंगात गेलेत. तेव्हा मला हे ठाऊकच नव्हतं. कुणाला असले अनुभव असतील तर लिहा.

चहाबिस्कीट

भारी लिहिलंय, आईंना नमस्कार सांगा. पण एक शंका, अवमान म्हणजे जजला उलट बोलणं नाहीतर कोर्टाचा आदेश न पाळणं ना? फॉर्ममध्ये मान दुखते लिहिलं यात कोर्ट कुठं आलं? फार तर फसवणूक म्हणा, ४२०.

सोलापूरकर_स्लाऊ

मला पण तसंच वाटायचं. इथल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की सत्यकथनाची सही असलेल्या कागदात, खरं आहे असं मनापासून वाटत नसताना खोटं विधान केलं तर अवमानाची कारवाई होऊ शकते. म्हणजे जजचा मान हा मुद्दाच नाही, न्याय करायच्या कामात तुम्ही माती कालवली हा मुद्दा. फसवणुकीचा फौजदारी खटला वेगळा, तो पोलीस आणि सरकारी वकील चालवतात. अवमानाची गंमत अशी की ज्या इन्शुरन्स कंपनीला तुम्ही गंडवायला निघालात तीच तुम्हाला कोर्टात ओढते.

अर्थात उठलं आणि केलं असं नाही. आधी कोर्टाची परवानगी लागते, पुरावा वरवर तरी भक्कम आहे का, सार्वजनिक हिताचं आहे का हे बघतात. सिद्ध करायचं ते फौजदारीसारखं, वाजवी शंकेपलीकडे. समोरच्याला गप्प राहायचा हक्क आणि वकिलासाठी मदत मिळते. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं, १९८१ च्या अवमान कायद्याने, आणि साधारण निम्मी भोगली की सुटका.

२०११ मध्ये एका निकालात न्यायाधीशांनी सरळ म्हणून ठेवलं की असे खोटे दावे करणाऱ्यांनी सापडल्यास तुरुंगात जायची तयारी ठेवावी. तो दावा मोटारीचा नव्हता, पण त्यानंतरच्या मोटार क्लेमच्या खटल्यांत ते वाक्य पुन्हा पुन्हा येतं.

लेस्टरची_वहिनी

मी नऊ वर्षं मोटार क्लेममध्ये काम केलंय, कंपनीचं नाव नको. सोलापूरकर, तुम्हाला फोन आला ते साल बघा, २०१४. तेव्हा हा धंदा अगदी रंगात होता. मानेच्या दुखण्याला इथं व्हिपलॅश म्हणतात आणि ते एक्स-रेत दिसत नाही, माणूस सांगेल ते खरं, म्हणून तर सगळा बाजार त्यावर उभा राहिला.

आमच्याकडे फाइल आली की आम्ही काय बघायचो सांगू? दुखण्याची गोष्ट शेवटी, आधी गाडीत कोण कुठं बसलं होतं ते. चौघांना वेगवेगळं विचारायचं. ड्रायव्हरच्या मागं कोण, रेडिओ चालू होता का, कुठून कुठं चालला होतात, धक्का बसल्यावर पहिलं कोण बोललं. खऱ्या माणसांची उत्तरं थोडी थोडी वेगळी येतात, एक म्हणतो गाणी चालू होती, दुसरा म्हणतो बातम्या. खोट्यांची शब्द न् शब्द सारखी, पाठ केल्यासारखी. आणि भुताचा प्रवासी हमखास म्हणणार की मी मोबाइल बघत होतो, मला काही दिसलं नाही. एका फाइलमध्ये दोन दारांच्या गाडीत मागच्या दारातून उतरलेला माणूस होता, ती फाइल आम्ही वर्षभर एकमेकांना दाखवायचो.

हे फक्त संधिसाधू लोकांचं झालं. टोळ्यांचं वेगळं, ते मुद्दाम ब्रेक मारतात, ब्रेकलाइटचे बल्ब काढून ठेवतात, नाहीतर हेडलाइटची उघडझाप करून "या या, तुम्ही आधी" म्हणतात आणि तुम्ही पुढं आलात की ठोकतात. २०११ मध्ये ए-४० वर, स्लाऊपासून काही फार लांब नाही, अशाच ठरवून केलेल्या धडकेनंतर एक बाई मेली, जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. तो फौजदारी खटला झाला, बरोबरच झालं.

टंकाळा

वाचतोय. पण मला सांगा, तुरुंगात जातं कोण? टॅक्सीवाला नाहीतर फॅक्टरीतला माणूस ज्याला कुणीतरी फोन करून पिवळ्या चिकटपट्टीवर सही करायला लावली. फोन करणारा, फॉर्म भरणारा, रिपोर्ट देणारा, ते सगळे पुढच्या गिऱ्हाइकाकडे. दोन-अडीच हजार पौंडांच्या क्लेमपायी कंपनी हायकोर्टात जाते म्हणजे त्याच्या कितीतरी पट वकिलांना देत असेल. म्हणजे पैशाचा हिशोब नाहीच, चार जणांना चौकात फटके मारले की चारशे घाबरतात हा हिशोब. गरिबाच्या पाठीवर.

लेस्टरची_वहिनी

घाबरवणं हा हेतू आहेच, टंकाळा, कोर्टं पण तसं लपवत नाहीत. पण नेहमी लहान मासाच सापडतो असं नाही. लिव्हरपूल व्हिक्टोरिया विरुद्ध झफर वाचा, पहिली इन्शुरन्स कंपनी, झफर हा डॉक्टर, २०१९ चा अपील कोर्टाचा निकाल. मला तो अर्धा तोंडपाठ आहे.

डिसेंबर २०११ मध्ये एका टॅक्सीवाल्याला मागून धडक बसली. फेब्रुवारीत तो रिपोर्टसाठी एका डॉक्टरकडे गेला. हा डॉक्टर असे रिपोर्ट घाऊक काढायचा, माणशी पंधरा मिनिटं, दिवसाला ३२ पर्यंत, आणि वर्षाला साडेतीन लाख पौंडांच्या आसपास कमाई. पहिल्या रिपोर्टमध्ये त्यानं लिहिलं की दुखणं आठवड्यात बरं झालं, तपासणीत काही नाही. मग टॅक्सीवाल्याच्या सॉलिसिटरनं, म्हणजे वकिलानं, कळवलं की अशिलाला अजून त्रास आहे, जरा बदलून द्या. डॉक्टरनं माणसाला परत न बघता रिपोर्ट बदलला, आता दुखणं बरं व्हायला सहा ते आठ महिने! आणि तारीख तीच ठेवली, जणू पहिला रिपोर्ट कधी झालाच नव्हता.

आता मजा बघा. सुनावणीसाठी कागदांचा गठ्ठा लावताना सॉलिसिटरच्याच ऑफिसातल्या कुणीतरी चुकून जुना रिपोर्ट लावला. बस्स. एका कागदानं सगळं उघडं पडलं. सॉलिसिटरला अवमानाबद्दल १५ महिने, खरे, आत जाऊन. डॉक्टरला सहा महिने पण स्थगित.

टंकाळा

बघा, डॉक्टर घरीच. मी काय म्हणत होतो.

लेस्टरची_वहिनी

पूर्ण ऐका की. शिक्षा फार हलकी झाली म्हणून इन्शुरन्स कंपनी अपिलात गेली. अपील कोर्ट म्हणालं की हो, हलकीच झाली, यापेक्षा जास्त आणि लगेच भोगायची व्हायला हवी होती, तज्ज्ञ म्हणून कोर्टाला सांगणाऱ्यानं खरंखोटं न बघता बेफिकीरपणे लिहिलं तरी ते जवळपास जाणूनबुजून खोटं लिहिण्याइतकंच गंभीर. पण या डॉक्टरची शिक्षा वाढवली नाही, पुढच्यांसाठी नियम घालून दिला. त्यामुळं तुमचं निम्मं खरं आहे, डॉक्टर घरी गेला. मलाही ते खटकलं होतं, कबूल करते.

आणि अवमान कायम क्लेम करणाऱ्याच्याच डोक्यावर बसतो असंही नाही. तुमची गाडी गॅरेजला असताना इथं उधारीवर बदली गाडी मिळते आणि तिचं भाडं चूक असणाऱ्याच्या इन्शुरन्सनं भरायचं. मग भाडं अवाच्या सवा आहे म्हणून भांडणं. तर इन्शुरन्सवाल्यांच्या बाजूनं बाजारातले भाड्याचे दर सांगणारी ऑटोफोकस नावाची कंपनी होती, तिची माणसं शपथेवर सांगायची की आम्ही अमुक ठिकाणी चौकशी केली, दर इतका. त्यातलं बरंच बनावट निघालं. ॲक्सिडेंट एक्सचेंज ही भाड्यानं गाड्या देणारी कंपनी त्यांच्या मागं लागली आणि २०१७ मध्ये लंडनच्या हायकोर्टानं ऑटोफोकसच्या माजी कर्मचाऱ्यांना अवमानाबद्दल शिक्षा दिली. खोटं बोलायचं काम नोकरी म्हणून करणारे लोक होते ते, सकाळी डबा घेऊन जायचं आणि संध्याकाळपर्यंत चार खोट्या साक्षी.

चहाबिस्कीट

वहिनी, तुम्ही यावर लेखमाला लिहा राव. अजून चालू आहे का हा धंदा तिकडे?

लेस्टरची_वहिनी

कमी झालाय, रूप पण बदललंय. २०१५ पासून मेडको नावाची व्यवस्था आली, म्हणजे रिपोर्ट देणारा डॉक्टर सॉलिसिटरनं आपल्या ओळखीतला निवडायचा नाही. त्याच वर्षी कायदा आला की दावेदार मुळातच अप्रामाणिक निघाला तर क्लेमचा खरा भाग पण जातो, फार मोठा अन्याय होत नसेल तर. म्हणजे हात खरंच मोडला असेल पण नोकरी गेली हे खोटं सांगितलंत, तर हाताचे पण पैसे गेले आणि वर समोरच्याच्या वकिलाचा खर्च तुमच्या अंगावर. मग ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅशचे ठरीव दर आले, तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड, दोन वर्षांपर्यंतच्याला ४,२१५. २०२५ मध्ये ते साधारण १५ टक्क्यांनी वाढवले. सोलापूरकरांच्या कोथिंबिरीला आज अडीच हजार कुणी देणार नाही.

सोलापूरकर_स्लाऊ

😄 आणि वहिनी, एक मला नंतर कळलं ते सांगतो, तुम्ही पक्कं करा. एप्रिल २०२० पासून साक्षीदाराचं निवेदन आणि त्याखालची सत्यकथनाची ओळ त्याच्या स्वतःच्या भाषेत असायला लागते ना? आणि त्या ओळीत आता अवमानाची कारवाई होऊ शकते हे पण छापलेलं असतं.

लेस्टरची_वहिनी

हो, बरोबर. आधी फक्त "खरं आहे असं मी मानतो" एवढंच होतं. आता जोडीला लिहायचं की खोटं निघालं तर अवमानाची कारवाई होऊ शकते हे मला समजतंय. आणि इंग्रजी न येणाऱ्याचं निवेदन त्याच्या भाषेत घ्यायचं, मग भाषांतर, भाषांतरकाराची वेगळी सही. त्याआधी मी डोळ्यांनी पाहिलंय, पंजाबी आजीबाई, इंग्रजीचा गंध नाही, आणि निवेदनात वाक्यं अशी की बॅरिस्टरनं लिहावीत. उलटतपासणीत विचारलं हे तुम्ही लिहिलंत का, तर म्हणाल्या मुलानं सांगितलं सही कर. तुमच्या आईंनी जे स्वयंपाकघरात करायला लावलं ते कोर्टाला नियमात लिहायला २०२० उजाडलं.

काळाकोट_सातारा

उशिरा आलो, आज बोर्ड मोठा होता. मी मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये वकिली करतो, बहुतेक क्लेमंटच्या बाजूनं, कधीमधी कंपनीच्या. आपल्याकडचं सांगतो.

आपल्याकडे मानदुखीचा खोटा क्लेम नाही चालत, त्याला कुणी हजार रुपये देणार नाही. आपला खोटा क्लेम मरणाचा आणि मोडक्या हाडांचा असतो, आणि बहुतेक वेळा अपघात किंवा जखम खरी असते, गाडी खोटी असते. कारण समजून घ्या. रात्री कुणीतरी उडवून पळून गेलं, गाडी अज्ञात, तर सरकारी योजनेतून मृत्यूला मिळायचे २५ हजार. १ एप्रिल २०२२ पासून २ लाख झाले, गंभीर जखमीला ५० हजार. पण तीच गाडी सापडली, तिचा थर्ड पार्टी विमा चालू असला, तर कमावत्या माणसाच्या घरच्यांना २०-३० लाख पण होतात. दोन लाख आणि तीस लाख यांच्या मधल्या खड्ड्यात सगळा धंदा वसलाय. एफआयआर उशिरा, मग महिन्याभरानं कुणीतरी साक्षीदार उगवतो, नंबर सांगतो, गाडीमालक ओळखीतला, ड्रायव्हर येऊन कबूल करतो, जामीन, बास. दुसरा प्रकार म्हणजे माणूस पडलाय शेडवरून किंवा विहिरीत आणि कागदावर होतो रस्ता अपघात. हे पकडायची एकच जागा, पहिल्या दवाखान्याचा पहिला कागद. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला दमलेला डॉक्टर हिस्ट्रीत खरं तेच लिहितो, त्याला कशाला पडलंय क्लेमचं. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर शहाणा असेल तर आधी तो कागद काढतो.

आता अवमान. इंग्लंडसारखं कंपनीनं उठून अवमानाला जाणं आपल्याकडे जवळपास नाहीच. आपल्या १९७१ च्या अवमान कायद्यात फौजदारी अवमानाला ॲडव्होकेट जनरलची संमती लागते नाहीतर हायकोर्टानं स्वतः दखल घ्यायची, खालच्या कोर्टाचा असेल तर त्यांनी वर पाठवायचं, वर्षाची मुदत, आणि शिक्षा सहा महिने किंवा २ हजार दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! एवढे तर झेरॉक्सला जातात. खोटं कागदपत्र कोर्टात दाखल करणं हा अवमान आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९४ मध्येच चंद्रशशी विरुद्ध अनिलकुमार वर्मा या निकालात म्हटलंय, नवऱ्यानं बायकोच्या अर्जाला विरोध करायला बनावट सर्टिफिकेट दिलं होतं, त्याला आत घातलं. म्हणजे रस्ता आहे, जातं कोण?

आपल्याकडचा नेहमीचा मार्ग म्हणजे खोट्या साक्षीचा, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३४०, आता नागरिक सुरक्षा संहितेत ३७९. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६९ नं ट्रिब्युनलला त्यासाठी दिवाणी कोर्टच मानलंय. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण मी माझ्या २२ वर्षांत असे अर्ज कितीतरी वेळा टाकलेले पाहिलेत, तडीला गेलेले एका हाताच्या बोटांवर. क्लेम फेटाळला की फाइल बंद, पुढच्या कटकटीत कंपनीच्या अधिकाऱ्याला रस नाही आणि कोर्टाकडे वेळ नाही.

टंकाळा

आणि वकील? काका, राग मानू नका.

काळाकोट_सातारा

राग कसला. उत्तर प्रदेशचं प्रकरण वाचा, सफीक अहमद विरुद्ध आयसीआयसीआय लोंबार्ड. अलाहाबाद हायकोर्टानं २०१५ मध्ये खोट्या क्लेमसाठी एसआयटी नेमली, तपासाला १,३७६ प्रकरणं. काम इतकं रेंगाळलं की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं झापलं. आरोपींत क्लेमंट, वकील, पोलीस, डॉक्टर, गाडीमालक, ड्रायव्हर, इन्शुरन्सचे कर्मचारी, सगळी पंगत. २८ वकिलांची नावं निघाली आणि बार कौन्सिल त्यांच्यावर काही करत नाही म्हणून कोर्ट भडकलं, मग निलंबन झालं. एसआयटी बसल्यावर तीनशे कोटींच्या वरचे दावे फेटाळले गेले नाहीतर दावेदारांनीच सोडून दिले. माझ्या धंद्याची लाज मलाच वाटली वाचताना, दुसरं काय सांगू.

निमूट

मी फक्त वाचत असतो, लिहीत नाही. पण आज लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला २०२१ मध्ये पुणे-बंगळूर हायवेवर टेम्पोनं उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली काढला. मी अकरा दिवस आयसीयूच्या बाहेर खुर्चीवर होतो, पोलीस स्टेशनला बाराव्या दिवशी गेलो. क्लेम २०२२ मध्ये टाकला. कंपनीच्या म्हणण्यात काय लिहिलंय माहीत आहे? सदर वाहन संगनमताने गोवण्यात आले आहे. वडील सही-शिक्क्याचा कागद वाचायचा म्हणून चष्मा लावून बसले होते, ते वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि मला विचारलं, गोवण्यात म्हणजे आपण?

वर तुम्ही सगळे म्हणताय उशिरा एफआयआर, महिन्यानं उगवलेला साक्षीदार, ही खोट्याची खूण. आमचं सगळं तसंच आहे. उशिरा एफआयआर आहे. नंबर टोलजवळच्या चहावाल्यानं घेतला होता, पोलिसांनी त्याचा जबाब २६ दिवसांनी घेतला. खोटे लोक पैसे काढून मोकळे होतात आणि त्यांच्यामुळं आमच्याकडे चोरासारखं बघतात.

आणि एक. आमच्या पहिल्या वकिलानं सांगितलं की साक्षीत सांग, त्याच दिवशी पोलिसांना तोंडी कळवलं होतं, त्यांनी लिहून घेतलं नाही. भाऊ म्हणाला मी तर बेशुद्ध होतो, दादा तू सांग. मी अजून काही ठरवलेलं नाही. पुढच्या महिन्यात उलटतपासणी आहे.

लेस्टरची_वहिनी

निमूट, वाचून गलबललं. माझ्या वरच्या पोस्टमध्ये खूण-खूण करत लिहिलंय त्याबद्दल वाईट वाटतंय. आम्ही टेबलाच्या पलीकडे बसलेले, आम्हाला खरा माणूस पण फाइल म्हणूनच दिसायचा.

काळाकोट_सातारा

निमूटराव, ते तोंडी कळवल्याचं अजिबात सांगू नका. अजिबात. तुम्हाला त्याची गरजच नाही. एफआयआरला उशीर झाला एवढ्यावरून क्लेम फेटाळता येत नाही, रवी विरुद्ध बद्रीनारायण, सुप्रीम कोर्ट, २०११. त्यात तर लहान मुलाच्या बापानं तीन महिन्यांच्या आसपास उशिरा दिली होती. घरचे आधी जखमीला वाचवायला धावतात, ठाण्यात नाही, असंच कोर्टानं म्हटलंय. अकरा दिवस आयसीयूबाहेर होतो हेच तुमचं उत्तर, दवाखान्याची बिलं आणि औषधांच्या चिठ्ठ्यांवर तुमच्या सह्या असतील त्या काढा. ट्रिब्युनलमध्ये शंकेपलीकडे सिद्ध करायचं नसतं, कुठली बाजू जास्त संभवते एवढंच बघतात.

उलट हे एक खोटं घुसवलंत तर कंपनीचा वकील स्टेशन डायरी मागवेल आणि ती कोरी निघेल. मग पाय खरा, टेम्पो खरा, तरी तुम्ही खोटे. मी क्लेम असे बुडताना पाहिलेत.

साक्षीला उभं राहिल्यावर जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणायचं. भावाला टेम्पोचा रंग विचारतील, बेशुद्ध होता तर नाही माहीत म्हणू दे. लाज नाही त्यात.

सोलापूरकर_स्लाऊ

काका, हे फार मोलाचं लिहिलंत. निमूट, वकील बदललात ना?

निमूट

हो, गेल्या वर्षी. नवीन मॅडम आहेत, त्यांनी असलं काही सांगितलेलं नाही. पण जुन्या वकिलानं प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला होता त्यात ते वाक्य आहे का बघावं लागेल. मी न वाचताच सही केली होती.

काळाकोट_सातारा

दाखल झालंय की नुसता मसुदा? दाखल झालं असेल तर मॅडमना आजच सांगा, स्वतःहून दुरुस्त करायचा अर्ज द्या, समोरच्यानं काढायच्या आत.

आणि तो चहावाला येतो का साक्षीला? नंबर त्यानं कुठं लिहून ठेवला होता?

निमूट

माझ्या हातावर. पेननं. मी पोचलो तेव्हा कागद नव्हता कुणाकडे, म्हणून त्यानं माझ्या तळव्यावर लिहिला. पुसला जाईल म्हणून मी फोटो काढला होता, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये.

काळाकोट_सातारा

अहो मग हे आत्तापर्यंत कुठं होतं! त्या फोटोवर त्याच रात्रीची वेळ असेल. फोन फॉरमॅट करू नका, कुणाला देऊ नका, फोटो फॉरवर्ड करत बसू नका, मूळ फोनच जपा. तुमचा क्लेम २०२२ चा आहे, त्यामुळं जुन्या पुरावा कायद्यातलं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं ६५-ब चं सर्टिफिकेट लागेल, मॅडमना ठाऊक असेलच.

चहाबिस्कीट

अंगावर काटा आला.

निमूट

जुना फोन वडिलांच्या कपाटात सापडला. सुरू होत नाहीये. त्याची पिन वेगळी आहे, चार्जर शोधतोय.